मसुदा मंजूर झालाच नाही, चित्रीकरण मात्र पूर्ण झाले

एका मराठी चित्रपटाच्या कथा, पटकथा आणि संवादांसाठी माझा पाच लाख रुपयांचा करार झाला होता. तक्रार करेपर्यंत त्यांपैकी नव्वद हजार रुपये माझ्या खात्यात आले. तोवर चित्रपट पूर्ण होऊन विकलाही गेला होता. ज्या कलमांच्या आधारे हे घडवून आणले गेले, ती नवोदित लेखकांच्या करारांत सर्रास आढळतात, म्हणून येथे नोंदवत आहे.

मानधनाचे पाच टप्पे होते: सहीच्या वेळी पन्नास हजार, कथेवर पन्नास हजार, पटकथेवर आणि संवादांवर प्रत्येकी सव्वा लाख, आणि उरलेले दीड लाख प्रदर्शनानंतर. पहिले दोन टप्पे वेळेवर मिळाले. पटकथेच्या हप्त्यापुढे मात्र ‘निर्मात्याच्या लेखी मंजुरीनंतर’ असे शब्द होते आणि ती लेखी मंजुरी कधीच आली नाही. फोनवर ‘सर, कमाल झाली आहे, एक शब्द बदलायचा नाही’ असे निर्माते सांगत. ईमेलला उत्तर येई ते ‘वाचून कळवतो’ एवढेच. कौतुक मात्र त्यांनी कधी थकवले नाही. पुढे चित्रीकरण सुरू झाले आणि एका साहाय्यक दिग्दर्शकाने त्या दिवशीच्या दृश्यांची पाने मला सहज पाठवली. प्रत्येक पानाच्या तळाशी माझ्याच फाइलचे नाव, चौथ्या मसुद्याचा क्रमांक आणि मी तो पाठवल्याची तारीख छापलेली होती. कागदोपत्री नामंजूर असलेल्या मसुद्यावर पूर्ण युनिट राबत होते.

दुसरी मेख ‘प्रदर्शन’ या शब्दात होती. करारात त्याचा अर्थ ‘चित्रगृहात व्यावसायिक प्रदर्शन’ असा दिला होता. चित्रपट चित्रगृहात गेलाच नाही. तो थेट ओटीटीला आणि नंतर एका वाहिनीला विकला गेला. त्यामुळे शेवटचे दीड लाख देण्याची वेळच आलेली नाही, असे मला शांतपणे सांगण्यात आले.

गंमत अशी की, कायद्याने लेखकाला रॉयल्टीचा हक्क दिला आहे तो नेमका चित्रगृहाबाहेरच्या वापरासाठी. कॉपीराइट कायद्यातील 21 जून 2012 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, चित्रपटात समाविष्ट झालेल्या साहित्यकृतीचा चित्रगृहातील प्रदर्शनाव्यतिरिक्त जो वापर होतो, त्याच्या रॉयल्टीत लेखकाचा समान वाटा असतो. हा हक्क त्याला सोडून देता येत नाही. तो केवळ वारसांकडे किंवा वसुली व वाटपासाठी कॉपीराइट संस्थेकडे देता येतो आणि याविरुद्धचा कोणताही करार शून्य, म्हणजे कायद्याने निरर्थक ठरतो. तरीही माझ्या करारात ‘लेखक रॉयल्टीचा हक्क कायमस्वरूपी सोडून देत आहे’ असे ठळक अक्षरांत होते. निर्मात्याच्या वकिलांना कायदा माहीत नव्हता असे मला वाटत नाही. लेखक ते वाक्य वाचून गप्प बसतो, एवढे त्यांना पुरेसे असते. शिवाय, कलम शून्य असले तरी पैसे आपोआप खात्यात येत नाहीत. गीतकार आणि संगीतकारांसाठी आयपीआरएस ही कॉपीराइट संस्था अनेक वर्षे रॉयल्टीची वसुली करते. पटकथालेखकांसाठी स्क्रीनरायटर्स राइट्स असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली आहे, पण ही वाट अजून पुरती रुळलेली नाही. म्हणून मानधनाचे पैसे ‘पुढे रॉयल्टी मिळेलच’ या आशेवर कोणी सोडू नयेत.

विक्रीच्या सुमारास निर्मात्यांचा हिशेबनीस मुद्रांकावर छापलेले पत्र घेऊन घरी आला. ‘ठरलेले सर्व मानधन मिळाले असून कोणतीही येणी बाकी नाहीत’ असा त्याचा मजकूर होता. ‘सही केली की संध्याकाळी आरटीजीएस करतो’, असे तो म्हणाला. खरेदीदार कंपनी हक्कांची कागदपत्रे तपासते आणि त्यात लेखकाचे असे पत्र मागितले जाते, त्यामुळे लेखकाच्या हाती काही जोर असेल तर तो याच घडीला असतो. मी रक्कम जमा झाल्यावर सही करीन असे सांगितले. संवादांत मदत करणाऱ्या एका तरुण लेखकाने मात्र सही दिली आणि त्यानंतर त्याचे फोन उचलले जाणे बंद झाले.

करविवरण भरताना आणखी एक गोष्ट उघड झाली. माझ्या दोन हप्त्यांतून 10 टक्क्यांप्रमाणे दहा हजार रुपये टीडीएस म्हणून कापले होते, पण आपल्या नावे जमा झालेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या फॉर्म 26एएसमध्ये त्यांचा मागमूस नव्हता. कापलेला कर सरकारजमा झालाच नव्हता. हा फॉर्म प्रत्येक तिमाहीनंतर पाहावा. वर्षअखेरीपर्यंत थांबल्यास निर्मितीसंस्थेचे कार्यालयच हललेले असू शकते.

मी स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेचा सभासद असल्याने तिच्या तंटा निवारण समितीकडे करार, ईमेल आणि चित्रीकरणाची ती पाने दिली. पानांवरच्या तारखांपुढे ‘मसुदा नामंजूर होता’ हा बचाव टिकला नाही. पटकथा आणि संवादांचे हप्ते तडजोडीने, काही कपात होऊन मिळाले. दीड लाख आणि रॉयल्टी अजून येणे आहे.

आता माझ्या करारात मसुदा मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत न आल्यास तो मंजूर समजावा, असे कलम असते. शेवटचा हप्ता चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसाआधी देय असतो आणि ‘प्रदर्शन’ या व्याख्येत सर्व माध्यमे येतात. एका निर्मात्याने हे पाहून करार परत पाठवला. दुसऱ्याने 15 चे 21 दिवस करून घेतले आणि सही केली.