डोमेनचं ट्रॅफिक घेण्याआधी कसं बघावं: विक्रेत्याचा डॅशबोर्ड की महिन्याचं भाडं?

कुणीच न घेतलेलं कोरं डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं नाव, हवं असेल तर हजार-बाराशे रुपये भरा, वर्षभरासाठी नोंदवा आणि मोकळे व्हा. त्या किमतीत तपासणीच महाग पडते. खरा प्रश्न पडतो तो नाव दुसऱ्याच्या हातात असतं, तो लाखभर रुपये मागतो आणि वर सांगतो, ‘यावर रोज लोक आपणहून येतात,’ तेव्हा. येतात का? आणि ते लोकच आहेत का?

एके काळी या प्रश्नाला फुकटचं उत्तर होतं. डॉट कॉमसारख्या नावांना नोंदणीनंतर 5 दिवसांची सवलत असते, त्या मुदतीत नाव रद्द केलं तर पैसे परत. टाइप करताना चूक झाली तर दुरुस्त करता यावी, एवढाच तिचा हेतू. पण काही रजिस्ट्रारांनी (नावं नोंदवून देणाऱ्या कंपन्यांनी) नावं घाऊक नोंदवायची, त्यावर जाहिरातींचं पान टाकायचं आणि 5 दिवसांत जे कमावेल तेवढंच ठेवायचं, असा धंदाच मांडला. शेवटी डोमेन नावांचा जागतिक कारभार बघणाऱ्या आयकॅनने 2009 मध्ये मर्यादा घातली: महिन्याच्या निव्वळ नव्या नोंदणींच्या 10 टक्के किंवा 50 नावं, यांत जो आकडा मोठा असेल तेवढ्यांचाच परतावा. तो खेळ तिथेच जवळजवळ थांबला. तसाही तो फक्त मोकळ्या नावांवर चालायचा, दुसऱ्याच्या मालकीच्या नावाला त्याचा उपयोग नव्हताच.

दुसऱ्यांच्या साइटच्या ट्रॅफिकचा अंदाज सांगणाऱ्या सिमिलरवेब, एचरेफ्स यांसारख्या साधनांचं दोन ओळींत आटोपतो. मोठ्या साइटसाठी ती ठीक आहेत. एचरेफ्स गूगलमधल्या क्रमांकांवरून अंदाज बांधतं, त्यामुळे थेट पत्ता टाइप करून येणारा माणूस त्याला दिसतच नाही. आणि लहानशा मराठी नावाबद्दल सिमिलरवेबकडे बहुधा सांगण्याजोगं काही नसतं. जुन्या लिंक कुठून येतात हे बघायला मात्र एचरेफ्स वापरा, आणि आधी तिथे काय होतं हे बघायला वेबॅक मशीन हा जुन्या पानांचा संग्रह. त्यांच्या आकड्यावर किंमत ठरवू नका.

मग उरतात दोन रस्ते. माझ्यापुढे पाककृतींच्या मराठी साइटसाठी दोन नावं होती. एकाच्या विक्रेत्याने पार्किंगचा (रिकाम्या नावावर जाहिरातींचं पान ठेवणाऱ्या सेवेचा) डॅशबोर्ड, म्हणजे आकड्यांचा तक्ता, दाखवला, दुसरा ‘भाडं भरा, पटलं तर घ्या’ या बोलीवर तयार झाला. दोन्ही नावं रोमन अक्षरांतली. ‘व’ला व्ही लावायचा की डब्ल्यू, ‘आ’ला एक ए की दोन, यावर मराठी नावाचं थेट येणारं ट्रॅफिक किती फुटतं, हे ज्याने असं नाव कधी घेतलंय त्याला सांगायला नको.

डॅशबोर्डची बाजू आधी, कारण ती वाटते तितकी कच्ची नाही. पैसे लागत नाहीत, संध्याकाळपर्यंत उत्तर मिळतं आणि मुख्य म्हणजे मागचं वर्ष दिसतं. भाड्याच्या महिना-दोन महिन्यांत हे कधीच दिसणार नाही. पाककृतींच्या नावावर गणपतीच्या आधी मोदक शोधणारे येतात आणि नंतर आठवड्याभरात ओसरतात. निकाल-प्रवेशाच्या नावांचं मे-जूनमध्ये तसंच होतं. नेमक्या त्या दिवसांत भाड्याने घेऊन बघितलं तर चित्र भलतंच दिसेल. नावावर खरीखुरी साइट चालू असेल तर स्क्रीनशॉटवर समाधान मानू नका, ब्राउझरमध्ये तो आकडा कुणालाही दोन मिनिटांत बदलता येतो. साइटवर लोक कसे येतात ते दाखवणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्स आणि सर्च कन्सोल यांची नुसती बघण्याची परवानगी मागा. सर्च कन्सोलमध्ये 16 महिन्यांचा इतिहास असतो. जो विक्रेता ती परवानगी सहज देतो, त्याच्याशी पुढे बोलायला हरकत नाही.

माझं घोडं अडलं ते पार्क केलेल्या नावापाशी. तिथे साइट नसते, असतं ते जाहिरातींचं पान, आणि मला दाखवलेल्या डॅशबोर्डात होतं भेटी, देश, क्लिक आणि कमाई, बस. आकडा चांगला होता, देशही बहुतेक भारतच. पण आलेल्याने कोणतं पान मागितलं? कुठल्या लिंकवरून आला? विक्रेत्याला विचारलं, तर त्यालाही ठाऊक नव्हतं. तो खोटं बोलत होता असं मला अजूनही वाटत नाही. त्याच्या हातातच तेवढं होतं.

किंमत मात्र याच एका गोष्टीवर उभी असते. नाव आठवून, टाइप करून येणारा माणूस उद्याही येईल. कुठल्या तरी जुन्या ब्लॉगवरच्या लिंकमधून येणारा ती लिंक असेपर्यंतच येईल. बंद पडलेलं एखादं मोबाइल अ‍ॅप जुन्या पत्त्यावर आपोआप विचारणा करत राहतं, तीही कुठे कुठे भेट म्हणून धरली जाते. आणि बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम, तर आहेतच. या सगळ्यांची बेरीज करून कुणी आपल्याला एकच आकडा दिला, तर घासाघीस कशावर करायची? महिनाभर त्या तक्त्याकडे बघूनही मला याचं उत्तर मिळालं नाही. कमाईच्या रकान्यावरही फार विसंबू नये. पार्क केलेल्या पानांवर गूगलच्या जाहिराती आता पूर्वीसारख्या सहज येत नाहीत, त्यामुळे मागच्या वर्षांची कमाई पुढे टिकेलच असं नाही.

भाड्यात नाव मध्यस्थाकडे किंवा एस्क्रोत (तटस्थ तिसऱ्याच्या ताब्यात) राहतं, नेमसर्व्हर (नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ते ठरवणारी यंत्रणा) आपल्या हाती येतात, किंमत आधीच ठरलेली असते आणि हप्ते भरेपर्यंत विक्रेत्याला नाव दुसऱ्याला विकता येत नाही. सोडून दिलं तर भरलेले पैसे गेले. पटलं तर एकूण किंमत रोख व्यवहारापेक्षा थोडी जास्त पडते. या पैशांत आपल्याला मिळतो तो आपल्या सर्व्हरचा कच्चा लॉग, म्हणजे कोण कधी काय मागायला आलं त्याची नोंद.

तो लॉग पहिल्या दिवशी उघडला की छाती दडपते, कारण गर्दी प्रचंड असते. सुरक्षित जोडणीचं (एचटीटीपीएसचं) प्रमाणपत्र घेतल्याशिवाय चालत नाही, नाहीतर एचटीटीपीएसच्या जुन्या लिंकवरून येणाऱ्याला ब्राउझर दारातूनच परत पाठवतो. पण प्रमाणपत्र निघालं की त्याची नोंद सार्वजनिक यादीत होते, आणि त्या यादीवर टपून बसलेले बॉट काही मिनिटांत हजर. आपण तपासायला गेलो म्हणूनच आलेलं हे ट्रॅफिक! वर्डप्रेसची लॉगिन फाइल, ‘डॉट ईएनव्ही’ ही पासवर्डची फाइल असलं काही मागणाऱ्या ओळी आधी काढून टाका. पानावर एक छोटं चित्र आणि दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवा, ती दोन्ही उचलणारे बहुतेक खरे ब्राउझर असतात. ‘कुठून आला’ हा रकाना रिकामा दिसला म्हणजे पत्ता टाइपच केला असं समजू नका, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलाही तसाच दिसतो.

चाळून झाल्यावर मला सर्वांत बोलकी वाटली ती तासांची उतरंड. महाराष्ट्रातली माणसं पहाटे तीनला भाजणीच्या चकलीची कृती शोधत नाहीत. माझ्या भाड्याच्या नावावर रात्री एकनंतर लॉग जवळजवळ कोरा व्हायचा, सकाळी अकराच्या आसपास चढायचा आणि संध्याकाळी पुन्हा. उरलेला आकडा डॅशबोर्डवाल्या नावाच्या आकड्यापुढे अगदीच किरकोळ होता. पण त्यातले बरेच जण थेट मुखपृष्ठावर येत होते आणि बाकीचे दोन-तीन जुन्या पानांचे पत्ते मागत होते. वेबॅक मशीनमध्ये ती पानं सापडली, चांगली होती. मी हे दुसरं नाव घेतलं.

भाड्याची डोकेदुखीही सांगायला हवी. परदेशी मध्यस्थ दरमहा कार्डावरून पैसे ओढतो, आणि ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या नियमांमुळे भारतीय कार्डावर असे आवर्ती व्यवहार बऱ्याचदा नाकारले जातात. हप्ता चुकला तर करार मोडू शकतो. त्यामुळे दोन-तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरता येतील का, हे आधीच विचारून घ्या. दुसरं म्हणजे अशा बोलीवर मिळणारी नावं मोजकी. डॉट इनचे लहान विक्रेते तर सरळ ‘रोख द्या, घेऊन जा’ म्हणतात. आणि नाव तुमच्याकडे आलं म्हणून त्यावर मेल स्वीकारायची सोय करून ‘किती येतात ते बघू’ असं करू नका. जुन्या मालकाचे बँकेचे, दवाखान्याचे मेल तुमच्या पेटीत पडतील, आणि ते वाचण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

चालू साइटसकट नाव घेत असाल तर अ‍ॅनालिटिक्सची परवानगी पुरेशी ठरावी, भाड्याच्या भानगडीत पडायची गरज मला दिसत नाही. एखाद्या ब्रँडच्या स्पेलिंगमधली चूक असलेलं नाव असेल तर दोन्ही रस्ते सोडा. ते ट्रॅफिक दुसऱ्याच्या गिऱ्हाइकांचं आहे, आणि डॉट कॉम असेल तर यूडीआरपी, डॉट इन असेल तर आयएनडीआरपी या नावांच्या वादांच्या नियमांखाली नाव हातचं जाऊ शकतं. नुसतं पार्क केलेलं नाव आणि मागणी मोठी असेल, तर मी तरी पुन्हा भाड्यानेच बघेन. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

विक्रेता भाड्याला नाहीच म्हणाला, तर एक मधला मार्ग सुचवून बघा. नाव त्याच्याकडेच, नेमसर्व्हरही त्याचेच, फक्त ए रेकॉर्ड (नाव कोणत्या आयपी पत्त्याकडे जातं ती नोंद) पंधरा दिवस तुमच्या सर्व्हरच्या आयपीकडे वळवायचा. प्रमाणपत्र तेवढ्यावर निघतं, लॉग तुमच्याकडे जमतो, आणि त्याच्या मनात आलं तर तो पाच मिनिटांत रेकॉर्ड पुन्हा फिरवू शकतो. पंधरा दिवसांची पार्किंगची कमाई बुडेल अशी कुरकुर तो करेल. ती भरून द्यायची तयारी दाखवा, रक्कम बहुतेक वेळा आपण धरून चाललो होतो त्याहून बरीच कमी निघते.