जांभळी नाक्याचं बियाण्याचं दुकान: मारवेल घ्या, अंजन नको

जांभळी नाक्याच्या बाजारात गवताचं बियाणं मिळतं, हे ठाण्यात जन्म काढलेल्यांनाही ठाऊक नसेल. बाहेर मेथी-पालकाची पाकिटं, आत मांडणीवर मारवेल, अंजन या चाऱ्याच्या गवतांच्या आणि स्टायलो या चारापिकाच्या पिशव्या.

शहापूरकडची आमची वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, चरून चरून उघडी पडलेली. मुरूम वर आलेला, बाकी कुसळी हे टोचरं गवत आणि रानमोडीचं तण. दीर म्हणाले, "वहिनी, पेंढा विकतच आणायचा तर गुरं कशाला ठेवायची?"

गल्ल्यावरच्या काकांनी आधी बियाणं दिलंच नाही. "एक पावसाळा गुरं बाहेर ठेवा, वणवा लागू देऊ नका, मग या." गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार विरळाच! त्यांचं खरं निघालं. पालापाचोळा टिकला, पाणी मुरलं आणि जुन्या मुळांतून पवना हे चाऱ्याचं गवत आपोआप उठलं. बियाणं लागलं ते फक्त बोडक्या मुरमाला.

मारवेलचं बी कुसासारखं हलकं, वाऱ्यावर उडतं. काकांच्या सांगण्यावरून ओल्या मातीत कालवून पहिल्या पावसात वरच्यावर फेकलं. खोल गाडलं तर उगवत नाही. उगवण चांगली. स्टायलोचं बी टणक. कडत पाण्यात चार-पाच मिनिटं आणि मग रात्रभर गार पाण्यात. शेंगवर्गीय असल्याने ते जमिनीला नत्र देतं, गुरंही खातात. पिशवीवर उगवणीची टक्केवारी आणि चाचणीची तारीख असते. ती वाचूनच घ्या.

काका नसले की मुलगा अंजन गळ्यात मारतो. अंजन चांगलं, पण नगर-सोलापूरसारख्या कोरड्या मुलखात. आमच्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. साचल्या पाण्यात ते कुजतं. दिरांनी हट्टाने थोडं टाकलं, त्याचं व्हायचं तेच झालं. शिवाय अंजनाचं ताजं बी लगेच उगवत नाही, काही महिने ठेवावं लागतं, हे मुलगा सांगत नाही.

आता गवत कापून आणतो, गुरं आत सोडत नाही. बी गळेपर्यंत एक पट्टा तसाच राखतो. त्यात ससे दिसतात, लावऱ्या भुर्रकन उठतात. याचं श्रेय मात्र दुकानाला नाही, चराईबंदीला.

पाचपैकी चार तारे. पवन्याचं बी ते ठेवत नाहीत. विचारलं तर झाशीच्या चारा संशोधन संस्थेकडे चौकशी करा म्हणतात. जूनमध्ये रांग असते, मे महिन्यातच जा. पावती मागूनच घ्यावी लागते.