सेकंडहँड हिमालयन ४११ : सह्याद्रीच्या घाटांत काही महिने चालवल्यावर

ज्यांना रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन, म्हणजे ४११ सीसीवाली, घ्यायची आहे आणि ती मुख्यतः सुट्टीच्या दिवशी घाटात फिरवायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ऑफिसला जायला किंवा दर आठवड्याला पुणे-मुंबई करायला गाडी हवी असेल, तर माझा अनुभव तुमच्या फारसा कामाचा नाही.

हे मॉडेल २०१६ मध्ये आलं आणि २०२३ च्या शेवटी नवी ४५० आल्यावर थांबलं. त्यामुळे आता मिळेल ती वापरलेलीच. मी बीएस६ (नव्या प्रदूषण-नियमांचं) मॉडेल पावसाळा संपल्यावर पहिल्या मालकाकडून घेतलं. हिवाळा, उन्हाळा आणि यंदाच्या पावसाच्या पहिल्या सरी, एवढं सगळं तिच्यावर बघून झालंय. सगळ्यात जास्त चालवली ती एकाच वळशावर: पुण्याहून भोर, वरंधा घाटाने महाड, पोलादपूर, आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, मग पाचगणी, पसरणी घाट, वाई आणि परत पुणे. साधारण तीनशे किलोमीटर होतात. सकाळी उजाडताना निघालं तर दिवेलागणीला घरी. घाटात गाडी कशी आहे हे कळायला याहून चांगला रस्ता मला माहीत नाही, कारण यात दोन उतार आहेत, एक मोठा चढ आहे, धरणाच्या काठची सपाट वळणं आहेत आणि शेवटी हायवेही आहे.

आधी इंजिनाबद्दल, कारण ही गाडी आवडणं-नावडणं तिथेच ठरतं. कागदावर २४ बीएचपी म्हणजे आजच्या मानाने काहीच नाही. पण इंजिनाचा बोअर ७८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८६, म्हणजे पिस्टनचा प्रवास सिलिंडरच्या रुंदीपेक्षा लांब. अशा इंजिनाची ओढ खालीच मिळते. ३२ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, चार-साडेचार हजार आरपीएमला येतो, आणि घाटात आपण नेमके त्याच पट्ट्यात असतो. आंबेनळीत पोलादपूर सोडून चढायला लागलं की दुसरा आणि तिसरा, एवढे दोनच गिअर लागतात. वळणात तिसऱ्यावर शिरायचं, आरपीएम अडीच हजाराच्या जवळ आलेले असतात, आणि बाहेर पडताना ॲक्सिलरेटर नुसता हळू उघडला की गाडी कुरकुर न करता वर निघते. खाली गिअर टाकायची घाई नाही, क्लच सतत दाबणं नाही. जास्त ताकदीच्या, पण ती ताकद वरच्या आरपीएमला देणाऱ्या गाड्या मी मैत्रिणींच्या चालवल्या आहेत. त्या सरळ रस्त्यावर कितीतरी पुढे जातात, पण घाटात प्रत्येक वळणाला योग्य गिअर शोधण्यात लक्ष जातं. हिमालयनवर ते लक्ष रस्त्यासाठी मोकळं राहतं. माझ्या मते घाटासाठी गाडी निवडताना हीच गोष्ट सगळ्यात आधी बघावी, टॉप स्पीड नव्हे.

उतारावर तर हा गुण आणखी महत्त्वाचा. वरंध्यात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक फक्त वळणाच्या आधी, थोडा वेळ, नीट दाबायचा आणि सोडून द्यायचा. पूर्ण घाटभर ब्रेकवर पाय ठेवून उतरणारे लोक दिसतात तेव्हा काळजी वाटते, कारण डिस्क तापत जाते, तिची उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते आणि ऑइलमध्ये पाणी मुरलेलं असेल तर ते उकळून लिव्हर मऊ पडतो. जुनी गाडी घेतलीत तर आधीच्या मालकाने ब्रेक ऑइल कधी बदललं होतं हे विचारत बसू नका, सरळ बदलून घ्या. पुढे ३०० आणि मागे २४० मिलिमीटरची डिस्क आहे, माझ्या गाडीत एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) दोन्ही चाकांना आहे. बीएस६ मध्ये मागचं एबीएस बंद करायची सोय आहे. डांबरी घाटात तिला हात लावायचं कारण नाही.

पुढचं चाक २१ इंची. मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं, पण झुकायला वेळ घेतं. १७ इंची चाकाच्या गाडीवरून येणाऱ्याला पहिले काही तास वाटेल की गाडी वळायला तयार नाही. तिला सांगावं लागतं: डावीकडे जायचं तर हँडलची डावी बाजू हलकेच पुढे ढकलायची आणि नजर वळणाच्या पार टोकाला न्यायची. एकदा झुकली की मात्र मध्येच डगमगत नाही, खडी आली तरी रेष सोडत नाही. एकामागून एक उलटसुलट वळणं येतात तिथे दंडांना काम पडतं. वळण जितकं लांब, तितकी गाडी गोड वाटते.

सस्पेन्शनला पुढे २०० आणि मागे १८० मिलिमीटरचा प्रवास आहे. ज्यांनी भोर ते वरंध्याच्या माथ्यापर्यंतचा रस्ता पाहिलाय त्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. नीरा-देवघर धरणाचं पाणी बाजूने चालत असतं, रस्ता त्याच्या प्रत्येक खाचेत शिरून बाहेर येतो, आणि डांबर कुठे चकचकीत तर कुठे पावसाने उखडलेलं. तिथे बाकीच्या गाड्यांवर खड्डे बघावे लागतात, या गाडीवर पाणी बघता येतं. ऑक्टोबरात दोन्ही बाजूंनी गवत पिवळं व्हायला लागलेलं असतं, पाणी काठोकाठ असतं. फेब्रुवारी उलटला की पाणी खाली जाऊन लाल मातीच्या पायऱ्या उघड्या पडतात. दोन्ही दृश्यं मला सारखीच आवडतात. माथ्यावर कावळ्या किल्ल्याला रस्त्याने मधोमध चिरलंय. पुढे वाघजाईच्या देवळापाशी चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत. इथे थांबाच. समोर कोकण सरळ खाली उतरलेलं दिसतं.

आता दिशेबद्दल, कारण बरेच जण हा वळसा उलटा करतात. मी नेहमी वरंध्याने उतरते, आंबेनळीने चढते आणि पसरणीने उतरते. कारण सूर्य. सकाळी पश्चिमेकडे उतरताना ऊन पाठीशी, दुपारनंतर पूर्वेकडे चढताना ऊन पाठीशी, संध्याकाळी पसरणीतून वाईकडे उतरतानाही ऊन पाठीशीच. उलट्या दिशेने गेलात तर ऐन वळणात हेल्मेटच्या काचेवर किरणं येतात आणि समोरची गाडी दिसत नाही. या दिशेची एकच खबरदारी: वरंध्याची कोकणाकडची बाजू सकाळी उशिरापर्यंत सावलीत असते. हिवाळ्यात तिथे दव वाळलेलं नसतं आणि डोंगराकडच्या कडेला शेवाळ असतं. ऊन उतरेपर्यंत तिथे रस्त्याच्या त्या कडेला जाऊ नये.

महाड ते पोलादपूर हा मुंबई-गोवा हायवेचा तुकडा आहे, रुंद आणि गरम. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाणी प्या, पुढे निघा.

आंबेनळी हा या दिवसाचा गाभा. जुन्या कागदांत याला फिट्झगेराल्ड घाट म्हणतात. पोलादपूर सावित्रीच्या काठी, जवळपास समुद्रसपाटीला, आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. एवढी उंची सुमारे चाळीस किलोमीटरमध्ये चढायची. दुपारच्या उन्हात मला तापमानाची धास्ती होती, कारण इंजिन हवा आणि ऑइलवर थंड होतं, रेडिएटर नाही. ऑइल कूलर मात्र आहे, आणि माझ्या वापरात मे महिन्यातल्या चढावरही इंजिनाची ओढ कमी झालेली जाणवली नाही. पायांना ऊब लागते ती शहराच्या सिग्नलवर, घाटात नाही. प्रतापगड डोक्यावर येतो, वाडा कुंभरोशी मागे पडतं, झाडी दाट होते आणि हवा एकदम बदलते. जॅकेटच्या जाळीतून थंडी आत येते त्या वळणाची मी वाट बघत असते.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे: ज्या सावित्रीला खाली महाड-पोलादपूरला भेटलो, तिचा उगम वर क्षेत्र महाबळेश्वरला, आणि संध्याकाळी वाईला जी कृष्णा भेटते तिचाही उगम तिथेच. एक अरबी समुद्राला जाते, दुसरी सगळं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला. या दोघींमधली पाणलोटाची रेघ आपण एका दुपारी दोन चाकांवर ओलांडतो. नकाशात हे माहीत असतं. गाडीवर ते हवेच्या वासात, झाडांत, मातीच्या रंगात समजतं.

या घाटात वागण्याचे काही रिवाज आहेत आणि ते मी मनापासून पाळते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, नियमही तेच सांगतो. एसटीला अरुंद वळसा घ्यायला पूर्ण रस्ता लागतो. ती समोर दिसली की वळणाच्या अलीकडेच थांबायचं, आत घुसून तिला अडवायचं नाही. बंद वळणाआधी एक हॉर्न, जास्त नाही. वळणावर सांडलेल्या डिझेलचा वास आला तर गाडी सरळ करून वेग उतरवायचा. आणि माकडांना काही म्हणजे काही घालायचं नाही. लोक गाडी थांबवून बिस्किटं देतात, त्यामुळे माकडं रस्त्यावरच बसून राहतात आणि चिरडली जातात. संध्याकाळनंतर महाबळेश्वरच्या जंगलपट्ट्यात गवा रस्त्यावर येऊ शकतो, म्हणून अंधारात तो भाग मी टाळते.

पावसाळ्याबद्दल स्पष्ट लिहिते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, आंबेनळीत रस्ता खचला, दरडी आल्या. वरंधा घाट तर पावसाळ्यात प्रशासन बहुतेक बंदच ठेवतं. बंदी म्हणजे सूचना नव्हे. बॅरिकेडच्या बाजूने गाडी काढणाऱ्यांचं मला अजिबात कौतुक नाही. अडकलात तर तुम्हाला काढायला गावातली माणसं दोर घेऊन उतरतात. पावसाच्या दिवसांत मी पसरणीने वाईहून पाचगणीला जाऊन त्याच रस्त्याने परत येते, आणि त्यात कमीपणा वाटत नाही.

आता वजन. १९९ किलो. माझी उंची पाच फूट तीन इंच, सीट ८०० मिलिमीटरवर. दोन्ही पायांचे चवडे टेकतात, टाच टेकत नाही. चालती गाडी हलकी वाटते, थांबलेली नाही. उतारावर कुठे आणि कोणत्या तोंडाने उभी करायची याचा विचार थांबण्याआधी करावा लागतो: तोंड चढाकडे, गिअरमध्ये, साइड स्टँड पक्क्या जमिनीवर. माझ्याएवढ्या उंचीच्या बाया मला विचारतात जमेल का. जमतं. रिकाम्या मैदानात दोन-चार दिवस नुसती पुढे-मागे ढकलून बघा, मग भीती जाते. मागे बहीण बसते. तिच्या म्हणण्याप्रमाणे सीट रुंद आहे, धरायला कॅरिअर आहे, आणि घाटात तिला पुढे घसरल्यासारखं होत नाही.

हायवेवर नव्वदपर्यंत गाडी शांत. त्यापुढे जाते, पण हँडल आणि फूटपेगमध्ये थरथर येते आणि सहावा गिअर हवा होता असं वाटतं, गिअर पाचच आहेत. वाईहून सुरूरला हायवे लागला की खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्यापर्यंत मी ऐंशी-पंच्याऐंशीवर डावीकडून येते. घाटात लिटरला तीस किलोमीटरच्या आतबाहेर पडतं. टाकी १५ लिटरची, पुण्यात भरून निघालं की हा वळसा पूर्ण होतो. ते बरंच आहे, कारण भोर सोडल्यावर महाडकडे उतरेपर्यंत पंपाचा भरवसा धरू नये.

चाकं आऱ्यांची, म्हणून टायरमध्ये ट्यूब. हिर्डोशीच्या पुढे खिळा घुसला तेव्हा कळलं की गावातल्या पंक्चरवाल्याकडे १७-१८ इंची ट्यूब असते, २१ इंची नसते. माझ्याजवळ होती. पुढची-मागची एकेक ट्यूब, टायर काढायची पट्टी आणि पंप एवढं सामान कायम बरोबर ठेवा. मिडल स्टँड गाडीबरोबरच येतो, त्यामुळे मागचं चाक काढणं आणि चेनला तेल देणं सोपं जातं. प्रत्येक मोठ्या फेरीनंतर चेन पुसून तेल देते. लाल धूळ बसलेली चेन फार लवकर झिजते.

घेताना काय बघायचं? मिडल स्टँडवर उभी करून हँडल मधोमध आणा. तिथे अडकल्यासारखं झालं तर स्टिअरिंगचं बेअरिंग बदलायचा खर्च भावातून वजा करा. आरे एकेक करून बोटाने वाजवा, ढिला आरा वेगळा वाजतो. इंजिन थंड असताना चालू करून बघा, मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर तासाभराने परत जा. पुढच्या फोर्कच्या नळीवर तेलाची रेघ आहे का, आणि लेग गार्ड वाकडं होऊन सरळ केलंय का, हेही बघा. टायर जुने असतील तर नक्षी शिल्लक दिसली तरी बदला, कडक झालेलं रबर ओल्या घाटात धरत नाही. मी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन्ही टायर, ब्रेक ऑइल आणि पुढचे ब्रेक पॅड बदलले. तेवढे पैसे हातात ठेवूनच सौद्याला बसा.