मालगुजारी तलावातली बेशरम आणि ५२ सीसीचा ब्रश कटर

भंडारा-गोंदियातल्या मालगुजारी तलावांवर (जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या ताब्यातल्या तलावांवर) श्रमदान करणारा गट वर्गणी जमली की आधी टू-स्ट्रोक ब्रश कटर, म्हणजे झुडपं कापायचं पेट्रोलचं यंत्र, घ्यायला निघतो. यंत्र वाईट नाही. पण तलावात माजणाऱ्या बेशरमच्या झुडपापुढे ते अर्धंच अवजार आहे; मुळाचं काम कुदळ-सब्बलीलाच करावं लागतं.

बेशरम कापून मरत नाही. बुंधा पुन्हा फुटतो आणि पेर असलेला तुकडा ओल्या गाळात पडला की मुळं धरतो. तलावात ओल असताना कटर फिरवणं म्हणजे तिची लागवडच. एप्रिल-मेमध्ये तळ भेगाळला की मगच हात घाला.

सोबत मिळणारी नायलॉन दोरी इथे निरुपयोगी, तीन पात्यांचं ब्लेड कोवळ्या फांद्यांपुरतं. जाड खोडाला कार्बाइड दातांचं गोल ब्लेडच हवं. चिवट सालीचे धागे गिअर हेडभोवती गुंडाळतात. ते इंजिन बंद करूनच काढा. ब्लेडच्या डाव्या बाजूने कापा, पुढची उजवी कड खोडाला लागली तर यंत्र जोरात उसळतं. बाकीचे १५ मीटर लांब. डोळ्यांवर चष्मा हवाच, चीक उडतो. पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचं प्रमाण पुस्तिकेत बघा: २५:१ असेल तर लिटरभर पेट्रोलला ४० मिली, ५०:१ असेल तर २०. टाकी पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) बाहेर भरा.

खोड गुडघ्याएवढं राखून कापायचं. जमिनीलगत उडवलं तर दिसायला झकास, पण मूळ उपटताना धरायला काही उरत नाही. कटरवाल्यामागे फांद्या वेचणारे किमान दोघे आणि सब्बलीवर चौघे नसतील तर यंत्र सुरूच करू नका. काढलेला माल तलावाबाहेर, मुळं वर करून वाळवा. बेशरम विषारी आहे, गुरांपासून लांब ठेवा.

तुडुमाजवळ (पाणी सोडायच्या दारापाशी) आणि सलंगीवर (जादा पाण्याच्या सांडव्यावर) मात्र यंत्र बंद. कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांची मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, सोबत देखभालीची जुनी घडीही मोडली. दगडांच्या सांध्यांत शिरलेलं मूळ ओढलं की दगडच सुटून येतो. तिथे विळाच चालवा आणि कोंब येईल तसा छाटत राहा. जेसीबीवाला ‘एका दिवसात साफ करतो’ म्हणेल. त्याला पाळीवर चढू देऊ नका. तळ खरवडला की देवधानाचं (रानभाताचं) बी आणि पाणवनस्पतींचे कंदही जातात, मग मासे अंडी कुठे घालणार? हे गावातल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या बायकांना आधी विचारा. कुठला कोपरा सोडायचा ते त्या नेमकं सांगतात.

दुसऱ्या वर्षी उरतात ते कोंब, त्यांना कुदळ पुरते. म्हणून कटर विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणलेला बरा. घेतलाच असेल तर काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर कार्बोरेटर चिकटतो.