मंगळ कागदावर उतरवायचाय: आठ इंची डॉब्सन की मोटरवरची चार इंची?

साताऱ्यात आमच्या गच्चीवर दोन दुर्बिणी आहेत आणि दर सव्वीस महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच, की यातली कुठली घेऊ? मंगळाची पुढची प्रतियुती, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि मंगळ यांच्या बरोबर मधे येते ती वेळ, 19 फेब्रुवारी 2027 ला आहे, त्यामुळे यंदाचे विचारणारे सुरू झालेत. प्रत्येकाला चहाबरोबर तेच ते सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकतो.

एक आठ इंची डॉब्सन, म्हणजे फिरत्या बुडावर ठेवलेली आरशाची दुर्बीण, फोकल लांबी 1200 मिमी, हाताने ढकलायची. दुसरी चार इंची रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगाची दुर्बीण, 1000 मिमी, साधी दोन भिंगांची, विषुववृत्तीय माउंटवर (ज्याचा एक अक्ष ध्रुवाकडे असतो) बसवलेली, आकाशाबरोबर फिरवायला त्या अक्षाला मोटर. किंमत, वजन, जिन्यातून वर कशी न्यायची, हे सगळं तुम्ही पाहिलंच असेल. मी एकाच प्रकारच्या माणसासाठी लिहितोय. ज्याला मंगळ नुसता बघायचा नाही, वहीत काढायचाय. कॅमेरा लावणार असाल तर माझं काही ऐकू नका.

डॉब्सन आधी आला, खास 2018 साठी. 27 जुलैची प्रतियुती, बिंब 24 विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग), 2003 नंतरचं सगळ्यात मोठं. पण महिना जुलै. साताऱ्यातला जुलै ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. अख्ख्या महिन्यात दोन रात्री ढग फाटले. अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर मंगळ असा काही पेटला होता, की शेजारचे लोक विमान म्हणून बघत होते. आयपीसला डोळा लावला तर कंदी पेढ्याच्या रंगाची एक गोल चकती, आणि तिच्यावर काही म्हणजे काही नाही. आरसा हलला असेल म्हणून मी दोन्ही रात्री कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणायचं काम, करत बसलो. नंतर नीट वाचलं तेव्हा कळलं, की जूनपासून तिकडे सगळ्या ग्रहभर धुळीचं वादळ होतं. त्याच वादळात मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी या नासाच्या रोव्हरचा संपर्क तुटला. इकडे पावसाचे ढग, तिकडे धुळीचे. माझ्या वहीतलं मंगळाचं पहिलं चित्र म्हणजे एक वर्तुळ आणि आत आडवी फिरवलेली पेन्सिल.

हे सांगण्याचं कारण आहे. मंगळ आपल्या कक्षेत सूर्याच्या जवळ असताना ज्या प्रतियुती होतात, त्यांत बिंब मोठं दिसतं, आणि त्या ऑगस्टच्या आगेमागेच येतात. म्हणजे नेमक्या आपल्या पावसात. 2003 चं तसंच, 2018 चं तसंच. पुढची मोठी 2035 च्या सप्टेंबरात. त्यामुळे साताऱ्या-सांगलीकडच्या माणसाच्या वाट्याला खरा येतो तो हिवाळ्यातला मंगळ. बिंब चौदा-सतरा विकलांचं, पण आकाश निरभ्र आणि ग्रह जवळजवळ डोक्यावर. दुर्बीण या मंगळासाठी घ्यायची आहे. जाहिरातीतल्या मोठ्या मंगळासाठी घेऊ नका.

मधलं 2020 मात्र लाभलं. 13 ऑक्टोबर, परतीचा पाऊस अधूनमधून, पण बिंब 22 विकलांच्या वर. तेव्हा फक्त डॉब्सनच होता आणि त्याने जे दाखवलं ते मी अजून विसरलेलो नाही. मंगळावरचा सायनस सॅबियस हा काळसर पट्टा ज्या टोकाला संपतो, तिथे सायनस मेरिडियानी आहे. मंगळाचं शून्य रेखावृत्त तिथूनच धरतात. विल्यम डॉज या इंग्रज निरीक्षकाला ते टोक दुभंगलेलं दिसलं होतं, म्हणून त्याला डॉजची दुबेळकी खाडी म्हणायचे. एका रात्री दहा-बारा सेकंद हवा अशी थांबली, की मला ती दोन टोकं वेगळी दिसली. चार इंचीतून मी तीच जागा जानेवारी 2025 मध्ये कितीतरी वेळा पाहिली. दर वेळी एकच गोळा, काडेपेटीतल्या काडीचं टोक असावं तसा. बिंब त्या वेळी बरंच लहान होतं हेही खरं, पण दोष नुसत्या बिंबाचा असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा दिसण्यात डॉब्सन पुढे आहे, याबद्दल वाद नको. निळ्या फिल्टरमधून कडेचे पांढुरके ढग बघायचे तर साध्या रिफ्रॅक्टरला निळा रंग धड झेपतच नाही, तिथेही डॉब्सनच. आणि लहान दुर्बीण कधीकधी फसवते. वेगळे ठिपके ती जोडून रेघ करून टाकते. शियापरेल्ली या इटालियन खगोलज्ञाने 1877 मध्ये मिलानच्या 22 सेंटीमीटरच्या रिफ्रॅक्टरमधून रेघा पाहिल्या आणि पुढे त्यांचे कालवे झाले. 1909 मध्ये अंतोनियादी या खगोलज्ञाने पॅरिसजवळच्या म्यूदोंच्या 83 सेंटीमीटरच्या दुर्बिणीतून पाहिलं, तर त्यातल्या बऱ्याच रेघांचे सुटे डाग झाले. माझ्याही वहीत असा एक कालवा आहे. पुसलेला नाही, बाजूला तारीख घालून ठेवलाय.

एवढं सगळं असूनही मी 2022 नंतर डॉब्सनवर मंगळ काढायचा सोडला. कारण अगदी क्षुल्लक वाटेल.

डिसेंबर 2022 ला मंगळाची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर, +25 अंश (उत्तरेला) होती. सातारा 17.7 अक्षांशावर. म्हणजे मध्यरात्री मंगळ खस्वस्तिकापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, फक्त सात-आठ अंशांवर, तोही उत्तरेला. हवेचा थर सगळ्यात पातळ, बिंब सगळ्यात स्थिर, म्हणजे चित्र काढायची वेळ हीच. आणि डॉब्सन नेमका इथेच हट्टाला पेटतो. नळी जवळजवळ सरळ उभी असते, त्यामुळे खालचं बूड फिरवायला हाताला जोरच मिळत नाही. नळी ढकलली की ती कलते, वळत नाही. आणि डोक्यावरून जाणाऱ्या मंगळामागे धावायचं तर थोड्या मिनिटांत बूड खूप फिरवावं लागतं. युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत यावर फारसं लिहिलेलं नसतं, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांकडे मंगळ असा माथ्यावर येतच नाही. आपल्याकडे 2022 ला आला, 2025 ला आला, आणि 2027 ला सिंह राशीत मघेच्या शेजारी असेल तेव्हा तर जवळजवळ माथ्याच्या बिंदूवरूनच जाणार आहे.

आता यात पेन्सिल आणा. दोनशे पट वर्धन लावलं, की न सरकवलेल्या दुर्बिणीतून मंगळ मिनिटाभरात या कडेकडून त्या कडेला निघून जातो. त्यातला मधला अर्धा मिनिट कामाचा. डावा हात नळीवर, उजव्या हातात पेन्सिल, गुडघ्यावर वही, दातात लाल टॉर्च. एक डाग डोळ्यात धरला, वहीकडे वळलो, सावली भरली, परत आयपीसला आलो तर मंगळ नाही. शोधला, सापडला, नळी थरथरतेय. ती थांबेपर्यंत तो पुन्हा कडेला. तोवर मनात धरलेला डाग किती डावीकडे होता, हे विसरलेलं. मग अंदाजाने काढायचं, आणि अंदाज म्हणजे मंगळाचा तुम्ही पाठ केलेला नकाशा. म्हणजे डोळ्याने पाहिलेलं चित्र राहतंच बाजूला. मंगळ तासाला साडेचौदा अंश फिरतो, म्हणून मुख्य डागांच्या जागा पंधरा-वीस मिनिटांत बसवाव्या लागतात. त्या वीस मिनिटांतली बारा मी नळी ढकलण्यात घालवत होतो. 2020 ला माझी आठ चित्रं झाली होती, 2022 ला तीन. आणि तिन्ही बघताना माझी मलाच शंका येते.

त्याच डिसेंबर 2022 मध्ये पुण्यातल्या एका ओळखीच्यांनी वापरलेली चार इंची काढली, ती घेतली. 16 जानेवारी 2025 च्या प्रतियुतीला, संक्रांतीच्या आठवड्यात, दोन्ही दुर्बिणी शेजारी-शेजारी लावल्या. बिंब साडेचौदा विकलांचं, म्हणजे 2022 पेक्षाही लहान. त्या मोसमात एकोणीस चित्रं झाली, सगळी चार इंचीवर. मंगळ मधोमध बसून राहतो. तुम्ही वहीकडे बघा, शिंका, स्वेटर घाला, परत या, तो आहे तिथे. बघता बघता मग गोष्टी उघडत जातात. आधी उत्तरेची पांढरी ध्रुवटोपी, मग तिच्या कडेचा काळा पट्टा, मग पंधराव्या मिनिटाला सिर्टिस मेजर या ठळक काळ्या डागाच्या पूर्वेची ती फिकट छटा, जी डॉब्सनमध्ये अधिक स्पष्ट दिसायला हवी होती आणि बहुधा दिसतही असेल, पण मी तिच्यावर पंधरा मिनिटं कधी थांबलोच नव्हतो. मंगळ तांबूस असल्यामुळे साध्या भिंगाची जांभळी कड फारशी जाचत नाही. 21 नंबरचा नारिंगी फिल्टर लावला की तीही जाते.

रिफ्रॅक्टरचे जाच नाहीत असं नाही. सगळ्यात मोठा म्हणजे डायगोनल, आयपीसआधी प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा. डॉब्सनमधलं चित्र नुसतं खाली-वर फिरलेलं असतं, वही उलटी धरली की नकाशाशी जुळतं. डायगोनलमधलं आरशातलं असतं, वही कितीही फिरवा, जुळत नाही. पहिल्या आठवड्यात मी सिर्टिस मेजरच्या पूर्वेचं पश्चिमेला लिहून ठेवलं होतं. डायगोनल काढून सरळ बघता येतं, पण मंगळ माथ्यावर असताना सरळ बघायचं म्हणजे गच्चीवर चटई टाकून उताणं पडायचं. दोन रात्री तेही केलं. आता मी आरशातलंच काढतो, कोपऱ्यात 'आ' लिहितो, आणि सकाळी कागद खिडकीच्या काचेला चिकटवून मागून गिरवतो, शाळेत नकाशे छापायचो तसे. मला हे काम आवडतं. तुम्हाला नाही आवडलं तर तुमचा हिशेब वेगळा होईल.

दुसरा जाच ध्रुवाचा. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे लावायचा, आणि आपल्याकडे ध्रुव जेमतेम साडेसतरा अंश वर. आमच्या गच्चीवरून तो शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीमागे आहे. कंपास लावावा तर स्लॅबमधल्या सळयांमुळे सुई भरकटते. शेवटी दुपारच्या सावलीवरून उत्तर-दक्षिण रेघ मारली आणि तिपाईच्या तीन पायांच्या जागी पांढऱ्या ऑइलपेंटने ठिपके दिले. ग्रहांसाठी एवढं पुरतं. शिवाय इतक्या कमी अक्षांशावर वजनाची दांडी कधीकधी तिपाईच्या पायाला अडते. उत्तरेकडे पाय येणार नाही अशी तिपाई फिरवून ठेवली की सुटतं.

घरात चार माणसं गच्चीवर येणार असतील, पोरांना शनीची कडी दाखवायची असेल, तर डॉब्सनला तोड नाही. गेल्या खेपेला शेजारच्या काकू आल्या होत्या. डॉब्सनमधून बघून म्हणाल्या, "अरे, पोरीच्या पत्रिकेत मंगळ आहे, तिला यातून दाखवला तर उतरेल का रे?" म्हटलं, काकू, उतरायचं माहीत नाही, पण एकदा बघितला की भीती जाईल. पोरगी आली, दहा सेकंद बघितलं, "एवढासाच?" म्हणाली आणि खाली गेली. अशांना डॉब्सनच बरा. आठवड्यातून फक्त रविवारी बघणार असाल तरी डॉब्सन चालेल, कारण त्याच वेळेला बघितलं तर मंगळ रोज साधारण दहा अंश मागे सरकलेला असतो. आठवड्याने जवळजवळ नवाच चेहरा समोर येतो, तेव्हा चार चित्रंही पुष्कळ. मोटरवर चालणारा डॉब्सन परवडत असेल तर हा सगळा वादच अर्धा मिटतो.

पण रोज वहीत एक वर्तुळ आखून बसणार असाल, आणि गच्ची आमच्यासारखी रात्री दहापर्यंत तापलेली असेल, तर आठ इंचीला आधी ती गरम हवाच दिसते. अशा वेळी मी तरी चार इंची उचलीन. एवढं मात्र लक्षात ठेवा, की दुबेळकी खाडी मला तिच्यातून अजून दिसलेली नाही.

यंदा पावसाळ्याआधी गच्चीला वॉटरप्रूफिंग केलं, त्यात तिन्ही ठिपके गेले. दिवाळीनंतर एका दुपारी ओळंबा टांगून पुन्हा रेघ मारायची आहे. आपल्याकडे सूर्य मध्यावर बाराला येत नाही, दिवाळीच्या सुमारास सव्वाबाराच्या थोडं पुढे येतो, तेव्हा सावली त्या वेळेची धरायची. गेल्या वेळी मी घड्याळातले बारा धरले होते, आणि आठवडाभर मंगळ मोटर चालू असूनही हळूहळू वर सरकत होता.