व्हॅनच्या टपावर हॅम रेडिओचा अँटेना : भोक, चुंबक की शिडी?

कॅम्पर व्हॅनमध्ये हॅम रेडिओ, म्हणजे परवानाधारक हौशी लोकांचा बोलण्याचा बिनतारी संच, बसवायचे ठरले की संच कोणता घ्यावा यावर भरपूर खल होतो आणि अँटेना कोठे लावावा हा प्रश्न मात्र आतले छत, कपाटे आणि पलंग बसून गेल्यावर पुढे येतो. क्रम खरे तर उलटा हवा, कारण अँटेनाचे सर्वांत चांगले स्थान छत उघडे असतानाच स्वस्तात साधते. पुढील तुलना 144 ते 146 मेगाहर्ट्झचा दोन मीटर पट्टा आणि 50 वॅटचा मोबाइल संच धरून केली आहे. वाहनातून प्रक्षेपण करण्याविषयी आपल्या परवान्यात काय अटी आहेत, त्या प्रत्येकाने आधी वाचाव्यात.

या पट्ट्यावर लहरीची लांबी सुमारे दोन मीटर असल्याने पाव तरंगलांबीचा अँटेना साधारण 50 सेंटीमीटर लांब असतो, पण तो एकटा काम करत नाही. त्याच्याखालचा पत्रा हा त्याचाच दुसरा अर्धा भाग असतो. अँटेनाभोवती चारही दिशांना निदान तेवढाच पत्रा पसरलेला असेल, तर लहरी सर्व बाजूंना जवळपास सारख्या जातात. म्हणून टप पोलादी आहे की फायबरचा, हे पाहिल्याशिवाय कोणताही अँटेना विकत घेऊ नये.

पोलादी टपावर खरी निवड दोनच पर्यायांत आहे : कायमचे भोक किंवा चुंबकी बैठक. चुंबकाची बैठक पत्र्याला विद्युतदृष्ट्या थेट जोडलेली नसते, मधल्या रंगाच्या थरातून ती जणू कपॅसिटरप्रमाणे जोडली जाते, आणि दोन मीटर पट्ट्यावर तेवढी जोडणी पुरते. त्यामुळे चुंबकाने आवाज पोचत नाही, ही तक्रार बहुधा चुकीच्या जागी केलेली असते. चुंबकाचे खरे दोष निराळे आहेत. बहुतेक व्हॅनच्या टपावर कडकपणासाठी उठावाच्या लांब पट्ट्या दाबलेल्या असतात आणि त्यांच्यावर चुंबक तिरपा बसला की पकड झपाट्याने कमी होते. त्याच्या बुडाखाली धूळ आणि लोहकण साचून रंग घासला जातो, व कोकणातल्या पावसाळ्यात तो तसाच महिनाभर राहिला तर तेथे गंजाचे कडे उमटते. त्याहून त्रासदायक असते ती केबल. दाराच्या रबरी पट्टीखालून ती आत घेतली की प्रत्येक वेळी दार लावताना चेपते आणि पावसाचे पाणी तिच्या अंगावरून ओघळत आत येते. रबराच्या बाहेर केबलला खाली झोल देऊन मग ती वर वळवून आत घेतल्यास थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतो. पण चेपण्यावर असा उपाय नाही.

भोकाची धास्ती मनातून जात नाही आणि ते समजण्यासारखे आहे. तरीही एनएमओ या, पत्र्यात भोक पाडून बसवायच्या प्रचलित प्रकारच्या बैठकीला लागणारे भोक सुमारे 19 मिलिमीटरचेच असते आणि ती टपाच्या पत्र्यावर रबरी कड्यासह घट्ट आवळली जाते. काम बिघडते ते लहानसहान गोष्टींत. भोक पाडताना उडालेला लोखंडाचा कीस टपावर राहिला तर एका पावसात रंगावर तपकिरी ठिपके पडतात, म्हणून तो पुसून न पसरवता चिकटपट्टीने उचलावा. भोकाची कड गंजरोधक प्राइमरने झाकावी. मात्र बैठकीचे दाते आतल्या बाजूने ज्या ठिकाणी पत्र्याला टेकतात, तेथे रंग खरवडलेला, लख्ख धातू हवा. अँटेना काढून वर टोपी फिरवता येते, ही सोय झाडांच्या फांद्या टपाला घासणाऱ्या गावरस्त्यांवर फार उपयोगी पडते. केबल आतल्या पोकळीतून खांबाच्या मार्गे संचापर्यंत न्यायची असल्याने हे काम छताचे प्लायवुड बसण्यापूर्वी व्हावे. नंतर केल्यास खर्च भोकाचा होत नाही, छत उघडण्याचा होतो.

मागच्या शिडीवरचा क्लॅम्प तिसऱ्या क्रमांकाचा मानावा. शिडी रंगवलेली, तिचे बोल्ट रबरी वॉशरवर बसवलेले, त्यामुळे टपाशी जोडणी भरवशाची नसते. तेथे पत्र्याची गरज नसलेला अर्ध्या तरंगलांबीचा, म्हणजे सुमारे 1 मीटरचा अँटेना लावावा आणि त्याचे बूड टपाच्या पातळीवर असावे. बॉनेटच्या कडेचा क्लॅम्प मोटारीला शोभतो. आखूड नाकाच्या, उंच व्हॅनवर मागची दिशा डब्याआड जाते.

फायबरच्या उंच टपावर ही तुलना बदलते. तेथे चुंबक चिकटत नाही आणि भोक पाडूनही खाली पत्रा नसतो. आतल्या बाजूने अ‍ॅल्युमिनियमचा साधारण 1 मीटर व्यासाचा पातळ पत्रा चिकटवून त्यावर बैठक घ्यावी, नाहीतर सरळ अर्ध्या तरंगलांबीचा अँटेना घ्यावा. असा टप लहरी अडवत नाही, म्हणून पलंगाच्या वर अँटेना येत असेल तर खाली माणूस असताना 50 वॅटवर बोलू नये.

सौर पॅनेल बसवणार असाल तर आधी अँटेनाची जागा राखा. पॅनेलच्या कडेला खेटलेला अँटेना नीट ट्यून होत नाही, शिवाय पॅनेलवरून बॅटरी भरणाऱ्या काही चार्ज कंट्रोलरची खरखर रिसीव्हरमध्ये उतरते. लांबीचा मोह आवरावा : 1.3 मीटरच्या आसपासचा अँटेना सपाट मुलखात दूर पोचतो खरा, पण रिपीटर (आपला संदेश पकडून पुढे प्रक्षेपित करणारे केंद्र) डोंगरमाथ्यावर आणि आपण घाटाच्या पायथ्याशी असताना 50 सेंटीमीटरचा साधा अँटेना अनेकदा सरस ठरतो.

माझे मत असे की व्हॅन स्वतःची, टप पोलादी आणि छत अजून उघडे असेल तर भोकच पाडावे. वाहन भाड्याचे असेल किंवा पुढे विकायचे असेल तर चांगला, रुंद चुंबक घ्यावा आणि मुक्कामी पोचल्यावर तो काढून ठेवावा. कोणताही पर्याय घेतला तरी एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना संचाशी किती जुळला आहे हे सांगणारा आकडा, मोजायचा तो सगळी दारे लावून आणि मोकळ्या जागी, तो 1.5 च्या आत आला की अँटेनाची लांबी कापणे थांबवावे.