मसाई माराची ‘इको लक्झरी’ सफारी आणि कोणी न भरलेली कॉन्झर्व्हन्सी फी

जुलै-ऑगस्टात विल्डबीस्ट प्राण्यांचं मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर, बघायला केनियाला जायचं ज्यांचं चाललंय त्यांनी हे जरूर वाचा, आणि कोटेशनमध्ये ‘इको’ नि ‘कॉन्झर्व्हन्सी’ असं काही लिहिलेलं असेल तर दोनदा वाचा. एजंटचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, केस चालू आहे.

ह्यांच्या रिटायरमेंटनिमित्त जायचं होतं, एकदाच जातोय तर चांगलं जाऊ असं ठरलेलं. पुण्यातल्या एका एजंटने माणशी साडेचार लाख सांगितले, त्यात खासगी कॉन्झर्व्हन्सीतला टेंटेड कॅम्प, सगळं सोलरवर, उघडी लँड क्रूझर, नाइट ड्राइव्ह, मसाई गाइडबरोबर पायी फेरफटका असं सगळं. शिवाय बिलात एक वेगळी ओळ, कॉन्झर्व्हन्सी फी, माणशी रोज १३० डॉलर. अशी फी खरोखर असते बरं का. मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोतोरोगी या कॉन्झर्व्हन्सी म्हणजे तिथल्या मसाई जमातीच्या कुटुंबांच्या जमिनी, त्या भाड्याने घेऊन तिथे मोजकेच कॅम्प ठेवतात आणि पर्यटकांच्या पैशातून त्या कुटुंबांना भाडं मिळतं. म्हणून बाकी सगळ्यावर घासाघीस केली पण या ओळीवर एक रुपया कमी करा म्हटलं नाही.

नैरोबीला घ्यायला आली ती साधी टुरिस्ट व्हॅन. पाच-सहा तास हाडं खिळखिळी करून पोचलो ते मसाई मारा रिझर्व्हच्या, म्हणजे अभयारण्याच्या, सेकेनानी गेटच्या अलीकडे, चक्क वस्तीत, पत्र्याच्या दुकानांमागे. तंबू होते, नाही असं नाही, पण मागे डिझेलचा जनरेटर धडधडत होता आणि रात्री तो बंद झाला की दिवेही गेले. सोलर पॅनल एक होतं रिसेप्शनच्या छपरावर, सकाळी ह्यांनी जाऊन बघितलं तर त्याची वायर भिंतीवर नुसतीच लोंबत होती, कशालाच जोडलेली नाही! एजंटला फोन केला की उत्तर ठरलेलं. गरम पाणी नाही? ‘काकू, इको प्रॉपर्टी आहे ना, गीझर कसा असेल.’ टॉवेल बदलत नाहीत? इको. जेवणात रोज तोच कोबी? लोकल आणि इको. आणि प्यायला काय, तर प्लास्टिकच्या बाटल्या, ज्यांना केनियाच्या अभयारण्यांत २०२० पासून बंदी आहे, गेटवर ड्रायव्हर त्या सीटखाली सारायचा.

खरा दणका गेटवर बसला. ड्रायव्हर म्हणाला तिकीट काढा. आम्ही म्हटलं फी भरलीये, तर त्याने आमचं व्हाउचर नीट वाचलं आणि शांतपणे सांगितलं की हा कॅम्प कुठल्याच कॉन्झर्व्हन्सीत नाही, आणि कॉन्झर्व्हन्सीत राहिलात तरी रिझर्व्हची फी वेगळीच लागते. ती परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर, तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच चालतं. भरले, करणार काय, एवढ्या लांब येऊन गेटवरून परत फिरायचं? नाइट ड्राइव्हचं विचारलं तर तो हसलाच, रिझर्व्हमध्ये रात्री गाडी फिरवायला मनाई आहे, ते फक्त कॉन्झर्व्हन्सीत चालतं. माणूस सज्जन होता, त्याचेही पैसे एजंटने थकवले होते.

नदीवर विल्डबीस्ट बघितले, सिंह बघितले, प्राण्यांनी काही फसवलं नाही. पण राग १३० डॉलरचा आहे. ज्या मसाई कुटुंबांच्या नावाने ते उकळले त्यांच्या घरात त्यातला छदामही गेला नाही.

तर पैसे भरायच्या आधी कॅम्पचं नेमकं नाव आणि नकाशावरची जागा मागा, आणि कॅम्पला स्वतः मेल करून तुमच्या नावाचं बुकिंग आहे का ते विचारा. एजंटने दिलेल्या नंबरवर विचारून उपयोग नाही, तिथे त्याचाच माणूस बसलेला असतो. इकोटुरिझम केनिया ही संस्था कॅम्पना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असं रेटिंग देते, त्यांच्या यादीत नाव आहे का बघा, आणि तिकडचा ऑपरेटर ‘काटो’चा, म्हणजे केनियाच्या टूर ऑपरेटर संघटनेचा, मेंबर आहे का तेही. बिलात टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून घेऊन सरकारला भरायचा आगाऊ कर, नसेल तर तिथेच थांबा. परदेशी पॅकेज विकणाऱ्याला तो घ्यावाच लागतो आणि आयकर खात्याकडच्या तुमच्या कर-नोंदीत दिसतो. आमच्या एजंटने ‘टीसीएस वाचवून देतो’ म्हणत सगळे पैसे बायकोच्या सेव्हिंग खात्यात घेतले होते, आणि आता तेच स्टेटमेंट आमच्या कामी येतंय.

पुरता गायब झालेला एजंट असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आमचा गायब नाही, रोज स्टेटस टाकतो, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केलीये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथेच करता येते, त्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. नोटीस गेल्यावर त्याचा फोन आला, ‘काकू, मिटवून टाकू, पुढच्या वर्षी टांझानियाची क्रेडिट नोट देतो, तिथला कॅम्प तर एकदम प्युअर इको आहे.’ तो कॉलही रेकॉर्ड करून वकिलांना दिलाय.